ताट्या बदलायचे दिवस

मैत्रिणींनो, होळी पेटली की थंडी गेली, असं तुमच्याकडे म्हणत असतील. आमच्या यवतमाळात होळी झाली की कूलर उतरतात. गच्चीवरून, माळ्यावरून, जिन्याखालून, जिथे म्हणून ते नऊ महिने जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेले असतात, तिथून खाली अंगणात येतात. मग पुढचे पंधरा दिवस घराघरांत एकच विषय. 'तुमच्या ताट्या बदलून झाल्या का?'

मार्चच्या शेवटी दत्त चौकातून आर्णी रोडच्या बाजूला नुसती एक चक्कर मारली तरी गावात काय चाललं आहे ते कळतं. हातगाड्यांवर ताट्यांच्या पिवळसर राशी. पत्र्याच्या दुकानांपुढे ठोकाठोक, कुणाची टाकी गळते म्हणून तिला डाग लावणं चाललेलं. रंगाचा वास. सायकलच्या कॅरिअरवर पंखा बांधून चाललेला एखादा मुलगा. आणि कूलर मिस्त्री! या दिवसांत मिस्त्री म्हणजे लग्नसराईतले गुरुजी. बोलावल्या दिवशी येत नाहीत, आले की दुसऱ्या घरची घाई असते, आणि त्यांना नाराज करायची कुणाची छाती नसते.

मी मूळची चिपळूणची. २०१२ सालच्या मे महिन्यात लग्न होऊन इकडे आले. दादरहून रात्रीची गाडी, सकाळी धामणगावला उतरायचं आणि पुढे रस्त्याने यवतमाळ. सकाळचे साडेआठ वाजले असतील, पण खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली शेतं. आमच्या कोकणातही उन्हाळा असतो हो, पण तिथे माणूस घामाने निथळतो. इथे घाम आलेला कळतच नाही, कारण यायच्या आधी तो वाळलेला असतो! ओठ फुटतात, केस ताठ होतात आणि दोरीवर टाकलेली साडी शेवटचं टोक पसरेपर्यंत पहिल्या टोकाला वाळते. मला तर वाटलं, घरच्यांनी कुठे दिलं मला!

घरी आल्यावर मला आतल्या खोलीत नेलं. तिथे खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर एक धूड बसवलेलं. पत्र्याचं कपाट म्हणावं तर तीन बाजूंना गवताच्या भिंती, आणि चौथ्या बाजूने भलामोठा पंखा घरात डोकावतोय. सासूबाईंनी बटण दाबलं आणि काय सांगू, आगगाडी घरात शिरल्यासारखा आवाज! पण दोन मिनिटांत पहिल्या पावसात येतो तसा ओल्या मातीचा नि लाकडाचा वास आला, आणि अंगावर गार वारा. मी उठून शहाणपणाने दार लावलं, समोरची खिडकीही लावली. मुंबईला मावशीकडे एसी होता, तिथे असंच करत ना!

थोड्या वेळाने खोलीत दमट, कोंदट वाटायला लागलं. सासूबाई आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अवं पोरी, खिडकी काहून लावली? आत आलेला वारा जाईन कुठून?"

कूलरचं पहिलं गुपित ते. तो हवा फिरवत नाही, बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती जुनी होऊन निघून गेली पाहिजे, तरच नवी आत येणार. म्हणून कूलर चालू असताना समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. एसीचं बरोबर उलट.

दुसरं गुपित मला आमच्या शाळेत कळलं. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी आणि इतिहास. माझं बी. ए. झालेलं, विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटलेला. पण आमच्या विज्ञानाच्या सरांनी एप्रिलमध्ये मुलांसाठी दोन थर्मामीटर भिंतीला टांगले. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि मुलं पुठ्ठ्याने वारा घालत होती. कोरडा म्हणे ४१, ओला म्हणे २२! एकाच भिंतीवर एकोणीस अंशांचा फरक. पाणी वाळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. माठातलं पाणी गार होतं ते याचसाठी. कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी भराभर वाळणार आणि तितका गारवा. कूलरची हवा त्या ओल्या आकड्याच्या जवळपास येते, त्याच्या खाली मात्र कधीच जात नाही.

मला राहवेना. मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा ते दोन थर्मामीटर सरांकडून मागून घेऊन गेले. चिपळूणला भर दुपारी कोरडा ३४ आणि ओला २९. फरक जेमतेम पाच! माझ्या भावाने त्याआधीच्या वर्षी हौसेने कूलर आणला होता नि 'फसवलं दुकानदाराने' म्हणून चरफडत होता. दुकानदाराचा दोष नव्हता, हवेचा होता. समुद्राकाठच्या मैत्रिणींनो, जाहिरात पाहून कूलर घ्यायच्या आधी एवढी परीक्षा जरूर करा. दोन थर्मामीटर आणि एक फडकं, बाकी खर्च नाही.

याला 'डेझर्ट कूलर' म्हणतात, म्हणजे वाळवंटातला. अमेरिकेत ॲरिझोना, कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागात १९३०च्या दशकात असली पेटी घरोघरी गेली. आमचं यवतमाळ काही वाळवंट नाही. पावसाळ्यात इथे टिपेश्वरचं जंगल हिरवंगार असतं, कपाशी डोलते. पण एप्रिल-मेमधली हवा मात्र वाळवंटासारखीच कोरडी. आणि युक्ती तर आपलीच जुनी. अकबराच्या दरबारात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोल्या गार करत, असा उल्लेख 'ऐन-ए-अकबरी'त आहे. इतिहासाच्या तासाला मी हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

सासूबाईंच्या लहानपणी घरात कूलर नव्हता. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, दाराला वाळ्याचा पडदा. दुपारी एका पोराने बसून त्यावर तांब्याने पाणी मारायचं, बाकीच्यांनी झोपायचं, आणि ही पाळी चुकवण्यासाठी भावंडांत मारामाऱ्या! रात्री अंगणात बाजा टाकायच्या. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर, त्यामुळे वर्धा-चंद्रपूरच्या मानाने रात्री सुसह्य, असं जुनी माणसं अजून सांगतात. मग कवेलू गेले, स्लॅब आला. सिमेंटची स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ते खाली सोडते. अंगणंही गेली. तेव्हापासून घराचा सगळा भार या पत्र्याच्या पेटीवर आला.

आणि पेटीचा भार कुणावर? आपल्यावर! मोठ्या लोखंडी कूलरला आमच्याकडे मे महिन्यात दिवसाकाठी सात-आठ बादल्या पाणी लागतं. ते भरायचं कुणी, ताटी कुठे कोरडी राहिली ते पाहायचं कुणी, रात्री दोन वाजता टाकी रिकामी होऊन गरम वारा सुटला की उठायचं कुणी, ते तुम्हाला सांगायला नको. पाणी होतं तोवर याचं काही वाटलं नाही. २०१८ साली वाटलं.

त्याआधीचा पावसाळा दगा देऊन गेला होता. गावाला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं उन्हाळ्यात कोरडी पडली. नळ कधी येईल ते सांगता येत नव्हतं. गल्लीत टँकर आला की पातेल्यांपासून पिंपापर्यंत सगळी भांडी घेऊन बायका धावत. बेंबळा धरणातून पाणी आणायच्या योजनेकडे सगळं शहर डोळे लावून बसलेलं. ज्या घरात पिण्याचं पाणी मोजून घ्यायचं, तिथे सात-आठ बादल्या हवेत उडवायच्या कशा? पण सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास. डॉक्टरांनी बजावलेलं, यांना उन्हात नि उकाड्यात ठेवू नका. दुपारी त्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा आणि त्या पुटपुटायच्या, "माह्यापायी पाणी नका नासू."

आम्ही दोनाचा एक कूलर केला. सगळं घर सासूबाईंच्या खोलीत झोपायला. आणि कूलरसाठी शेजारच्या बोअरचं खारं पाणी आणायला सुरुवात केली. ते पिण्याजोगं नव्हतंच. मला वाटलं, छान तोड काढली! पण मी एक विसरले. उडून जातं ते नुसतं पाणी. क्षार टाकीतच राहतात आणि रोज दाट होत जातात. तीन आठवड्यांत ताट्यांवर पांढरी खपली धरली, आणि ऐन नवतपात, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो त्या नऊ जळत्या दिवसांत, पंप बंद पडला. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, तीन दिवस तरी सवड नाही. पंप काढा, झाकण उघडा अन् साफ करून पाहा. लाइन मात्र पहिले बंद करा."

तीन दिवस! सासूबाईंकडे पाहून मी पदर खोचला. पंप म्हणजे मुठीएवढी वस्तू. झाकण उघडलं तर आतली चकती क्षाराने चिकटून बसलेली. लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवली, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासली, आणि फिरली की! मला तर गड जिंकल्यासारखं झालं. पण पंप काढताना त्याची वायर ओढली जाऊन जोडाशी सुटली होती. तीही मीच जोडली. ह्यांच्या टेबलावरची साधी चिकटपट्टी गुंडाळली आणि पंप परत टाकीत सोडला. पाणी ताट्यांवरून झुळझुळ वाहायला लागलं. संध्याकाळी सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहून चालू कूलरमध्ये बादली ओतत होते. डावा हात टेकला पत्र्याला आणि खांद्यापर्यंत सणक गेली. हात झटकला गेला, बादली पडली, मीही मागे पडले म्हणून वाचले. जोडावरची पट्टी पाण्यात सुटली होती, आणि सबंध पत्र्यात वीज उतरली होती.

मैत्रिणींनो, मला माझं काही वाटलं नाही. पण आमचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. रोज संध्याकाळी तो कूलरपुढे उभा राहायचा, गाल जाळीला टेकवून पंख्यात 'आऽऽऽ' असं ओरडायचा, कारण आवाज थरथरत परत येतो. तुमचीही मुलं करत असतील. आदल्या संध्याकाळीही तो तिथेच उभा होता. मी त्या दिवशी जेवले नाही.

मिस्त्री निरोप मिळताच धावत आले. त्यांनी टेस्टर लावून दाखवलं, मग भिंतीकडे बोट केलं. आमचा कूलर दोन पिनांच्या जोडबोर्डावर लावलेला होता, तिसरी अर्थिंगची पिन कुठे जोडलेलीच नव्हती. किती वर्षं तसंच चाललं होतं! ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "सफाई तुमची, वायर माही. हे ध्यानात ठेवा वहिनी."

दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा धक्का लागून कुणी गेल्याच्या बातम्या येतात. पूर्वी मी त्या वाचून पान उलटत असे. आता उलटत नाही.

तेव्हापासून मी दर चैत्रात काय करते ते सांगते. तुमच्याकडे कूलर असेल तर हे पान कापून ठेवा.

सगळ्यात आधी इलेक्ट्रिशियनकडून भिंतीतला तीन पिनांचा सॉकेट नि त्याचं अर्थिंग तपासून घ्यावं. मीटरजवळ गळती पकडणारा स्विच, ज्याला आरसीसीबी म्हणतात, तो बसवून घ्यावा. घरासाठी तीस मिलिॲम्पिअरचा हवा. धक्का लागला तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. एका साडीचे पैसे जातील, जाऊ देत.

पाणी भरताना नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन काढावी. पायात कोरडी चप्पल असावी. टाकीतल्या वायरला जोड नसावाच, अखंड वायर हवी. आणि हे भरण्याचं काम मुलांना सांगू नये.

ताट्या दरवर्षी बदलाव्या. लाकडाच्या किसाच्या स्वस्त पडतात, पण एका हंगामात बसतात. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या महाग, पण नीट धुतल्या तर दोन-तीन वर्षं जातात. ताटी कुठे कोरडी दिसली तर वरच्या नळीची भोकं सुईने मोकळी करावी, कारण त्या कोरड्या जागेतूनच गरम वारा आत घुसतो.

पंप आधी दहा मिनिटं चालवून ताट्या भिजू द्याव्या, मग पंखा लावावा. सकाळी बंद करताना उलट, पंप आधी थांबवावा आणि पंखा थोडा वेळ चालू ठेवावा. ताट्या वाळतात, कुबट वास धरत नाहीत.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून, वाळवून घ्यावी. साचलेले क्षार जातात, आणि डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतात, त्यांचीही सोय मोडते. काढलेलं पाणी अंगण धुवायला घ्यावं. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघतं ते कूलरला घालावं असं पुष्कळ जणी सांगतात. घाला, पण त्यात क्षार जास्त असतात, तेव्हा टाकी दर दोन-तीन दिवसांनी बदला. माझी फजिती विसरू नका!

आणि मिस्त्रींना सांगताना नुसतं 'चालत नाही' असं सांगू नये. मोटार गुणगुणते पण पंखा फिरत नाही, तर बहुतेक कंडेन्सर गेलेला असतो. कुईकुई आवाज येतो, तर बुश झिजलेले किंवा तेल हवंय. वारा आहे पण गार नाही, तर पंप किंवा ताटी पाहा. असं सांगितलं की ते हवा तो सुटा भाग घेऊन येतात, खेप वाचते.

आता आमच्या गल्लीत चार घरी एसी आले आहेत. आमच्याकडेही विषय निघतो. कूलर साधारण दोनशे वॅटवर चालतो, दीड टनाचा एसी पंधराशेच्या आसपास खातो, म्हणून बिलाचं भय आहे. पण एसीला पाण्याच्या बादल्या लागत नाहीत, हेही खरं. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा ओली झाली की कूलर निरुपयोगी होतो, अंग चिकट करतो, तेव्हा एसीवाल्यांचा मला हेवा वाटतो. सासूबाईंचं वय वाढत चाललं आहे. त्यांना गरज पडली तर आम्ही एसी घेऊ, त्यात कमीपणा कसला? पण तोवर आमचं धूड आहे.

यंदाही परवा ताट्या बदलून झाल्या. मिस्त्रींनी वायर पाहिली, टेस्टर लावून दाखवला. मुलगा आता माझ्या खांद्याला लागतो, तरी पंख्यापुढे उभा राहून त्याने एकदा 'आऽऽऽ' केलंच. सासूबाई खुर्ची ओढून वाऱ्यात बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आला बाप्पा उन्हाया."

विदर्भात कधी आलात तर यवतमाळला जरूर या. शक्यतो पावसाळ्यानंतर या, तेव्हा कपाशी फुटलेली असते. पण मेमध्येच यायचं झालं, तर कूलरची खोली तुमची. फक्त समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा हं!